पुतळा झालेल्या माणसाने कोच व्हावं का?

"ज्याचा पुतळा उभा राहिलाय त्याने पुन्हा साइडलाइनला उभं राहू नये," वकील म्हणाला आणि कट्ट्यावर मांडी घालून बसला. त्याने मांडी घातली की समजायचं, आता तासाभराची निश्चिंती.

वकील हा वकील नाही. कुठल्याही वादात हरणारी बाजू घेतो म्हणून ते नाव पडलं. लंबू मात्र खरोखरच लंबू आहे, गुडघा जाईपर्यंत बास्केटबॉलमध्ये सेंटर खेळायचा. पंच खरा पंच आहे. शूटर ही आमच्यातली एकटी, जिचा हात अजून चालतो. आणि मी बेंचवरचा, तेव्हाही आणि आताही.

विषय होता स्टेफन मार्बरीचा. एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या १९९६च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, चौथा उचललेला, दोनदा ऑल-स्टार झालेला पॉइंट गार्ड. पुढे एनबीएत सगळ्यांशी बिनसलं आणि २०१०च्या जानेवारीत गडी चीनला गेला. आधी शान्शी, मग फोशान, मग बीजिंग डक्स. त्या क्लबने तोवर एकदाही चीनची लीग जिंकलेली नव्हती. याने २०१२, २०१४ आणि २०१५ असे तीन किताब मिळवून दिले. पहिल्या किताबानंतर लोकांनी स्टेडियमबाहेर त्याचा पुतळाच उभा केला. २०१८मध्ये तो निवृत्त झाला आणि २०१९मध्ये बीजिंगच्याच दुसऱ्या संघाचा, रॉयल फायटर्सचा, मुख्य कोच झाला. तिथे मात्र किताब काही हाती लागला नाही.

"तेच म्हणतोय मी," वकील म्हणाला. "शहराने डोक्यावर घेतलेलं असताना खाली कशाला उतरायचं? खेळाडू हरला तर दोष दहा जणांत वाटला जातो. कोच हरला तर एकट्याचा."

"उलटं आहे," लंबू म्हणाला. "परदेशी खेळाडूचं आयुष्य बघितलंयस कधी? संघ हरला की सगळ्यात आधी त्याच्याकडे बघतात. पैसे जास्त घेतो, जागा अडवतो, मग वीस पॉइंट करूनही हरलो तर चूक त्याचीच. दोन आठवड्यांत बॅग भरायला सांगतात. हे आठ वर्षं सोसून तिथेच टिकलेला माणूस कोच झाला तर त्याला घाबरायचं काय कारण? माझं म्हणणं लिहून घे. परदेशात खेळाडू म्हणून जो परका राहिलाय, तोच परदेशात कोच म्हणून टिकतो."

लंबू असं वाक्य टाकून गप्प बसणारा नाही. त्याने लगेच माइक डॅन्टोनी काढला. एनबीएत जेमतेम जम बसलेला गार्ड, १९७७मध्ये मिलानला गेला आणि १९९०पर्यंत तिथेच खेळला. क्लबचा सर्वाधिक गुणांचा मानकरी झाला, १९८७ आणि १९८८ असे दोन युरोपियन कप जिंकला, आणि खेळणं थांबवल्यावर त्याच क्लबचा कोच झाला. पुढे ट्रेव्हिसो क्लबला जाऊन १९९७मध्ये इटलीची लीग जिंकली.

"आणि मग?" वकिलाने डोळे बारीक केले.

"मग काय?"

"मग एनबीएतलं डेन्व्हर. स्वतःच्या देशात परत आला आणि पन्नास सामन्यांच्या छोट्या सीझनमध्ये १४ जिंकले, ३६ हरला. गच्छंती."

इथे मला वकिलाचं कौतुक वाटलं, कारण वार बरोबर ठिकाणी बसला होता. पण लंबूला तो बसला असं वाटलंच नाही. "अरे, म्हणजे माझंच खरं झालं ना! वीस वर्षं इटलीत काढलेल्या माणसाला परदेश कुठला? डेन्व्हर हाच परदेश. परत ट्रेव्हिसोला गेला, २००२मध्ये पुन्हा लीग जिंकली, मग फीनिक्स. २००४-०५मध्ये ६२ विजय, वर्षातला सर्वोत्तम कोच. पळापळीचा जो खेळ त्याने फीनिक्समध्ये दाखवला, तो काय विमानात सुचला होता?"

पंच इतका वेळ शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होता. त्याला तत्त्वज्ञानात रस नसतो, नियमात असतो. "तुम्ही दोघं माणसांबद्दल बोलताय," तो म्हणाला, "मी घड्याळाबद्दल सांगतो. डेव्हिड ब्लॅट माहितीये?"

माहीत होता. अमेरिकेत वाढलेला, इस्राएलमध्ये खेळलेला, तिथेच कोच झालेला. २००७मध्ये रशियाला युरोपचा विजेता केलं, २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ब्राँझ दिलं, २०१४मध्ये मकाबी तेल अवीवला युरोलीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकून दिली. त्याच उन्हाळ्यात एनबीएतल्या क्लीव्हलंडने बोलावलं.

"मे २०१५, शिकागोविरुद्ध चौथा सामना, शेवटचे काही सेकंद," पंच सांगू लागला. "बरोबरी होते आणि खेळ थांबवून पोरांशी बोलायला ब्लॅट टाइमआउट मागत कोर्टाकडे धावतो. टाइमआउट शिल्लकच नसतो! दिला गेला असता तर टेक्निकल फाउल, मॅच तिथेच गेली असती. असिस्टंट टायरन लू त्याला मागे खेचतो. पंचांना दिसत नाही."

"नशीब पंचांना नेहमीसारखंच दिसलं नाही," शूटर म्हणाली. पंचाने तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

"पुढचं ऐक. शेवटच्या चेंडूसाठी ब्लॅटने फळीवर जो प्ले काढला त्यात संघाचा स्टार लेब्रॉन जेम्स बाहेरून चेंडू आत टाकणार होता. लेब्रॉन म्हणाला, नाही, मला द्या. कोपऱ्यातून मारला, गेला, ८६-८४. आता सांगा, ज्याने युरोप जिंकला त्याला टाइमआउट मोजता येत नाहीत? येतात. पण एवढी वर्षं तो ज्या नियमांत जगला ते वेगळे. फिबा, म्हणजे आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत पहिल्या हाफला दोन, दुसऱ्याला तीन, संपलं. आणि मागायचा तो कोचच्या बाकावरून, खेळाडूला मागताच येत नाही. एनबीएत खेळाडूही मागतो, संख्या वेगळी, शेवटच्या मिनिटांचा हिशेब वेगळा. हात जुन्या सवयीने वर जातो."

"एका चुकीवरून?" लंबू म्हणाला.

"चुकीवरून नाही. जानेवारी २०१६मध्ये काढला तेव्हा त्या सीझनचा हिशेब ३० विजय, ११ पराभव असा होता. आधीच्या वर्षी फायनल खेळला होता. हरत होता म्हणून नाही गेला. ड्रेसिंग रूममधल्या माणसांना तो नवशिका वाटत होता. वीस वर्षांचं कोचिंग, आणि नवशिका!"

हे मात्र खरं. परदेशात गेलं की माणसाचा अनुभव कस्टममध्येच अडकतो.

आता माझी पाळी होती, आणि माझ्याकडे एकच गोष्ट आहे. एका शिबिरात परदेशी कोच आला होता, स्वतः बऱ्यापैकी खेळलेला. मला दुभाषा म्हणून उभं केलं. सराव सामन्यात टाइमआउट झाला. एक मिनिट. पहिली दहा सेकंद पोरं पाणी पीत जमण्यात गेली. मग कोच पस्तीस सेकंद बोलला. माझ्या वाट्याला पंधरा सेकंद. त्यात तो एका पोराकडे बोट दाखवून दोन-तीनदा "स्टे होम, स्टे होम" म्हणाला होता. मी सांगितलं, "तू आपल्या जागेवरच थांब." पोरगं आज्ञाधारक. जागेवर थांबलं. त्याचा माणूस कोपऱ्यात पळाला आणि निवांत तीन पॉइंट मारून आला. स्टे होम म्हणजे दुसऱ्याच्या मदतीला जाऊ नकोस, आपल्या माणसाला चिकटून राहा! कोच माझ्याकडे बघत होता, पोरगं माझ्याकडे बघत होतं, आणि मी फळ्याकडे.

"त्या कोचने नंतर एक केलं," मी म्हटलं. "बोलणंच सोडलं. पुढच्या टाइमआउटला स्वतः उभा राहिला, पोराची कंबर धरून त्याला सरकवलं, असं, असं, असं. आणि आपल्या भाषेतले चारच शब्द मला विचारून पाठ केले. खेळलेल्या माणसाला सगळं अंगात माहीत असतं, शब्दांत नसतं. स्वतःच्या देशात ते खपून जातं, कारण समोरचा अर्ध्या वाक्यात समजतो. बाहेर गेला की अर्धं वाक्य चालत नाही. मला वाटतं, परदेशात गेल्यामुळेच खेळाडूचा कोच होतो."

"मस्त," शूटर म्हणाली. "पण खेळलेलाच असायला हवा हे कुठून आलं? केनी नॅट एनबीएत खेळला होता, सॅक्रामेंटोचा हंगामी मुख्य कोचही होता. २०११मध्ये भारताच्या पुरुष संघाचा कोच झाला. नंतर आला स्कॉट फ्लेमिंग, एनबीएत एक मिनिटही न खेळलेला. २०१४मध्ये वूहानमध्ये, चीनच्याच घरात, चीनला ६५-५८ हरवलं ते फ्लेमिंगच्या हाताखाली."

लंबू क्षणभर गप्प झाला. विक्रमात नोंद करावी अशी गोष्ट. शूटरला मोकळी जागा मिळाली की ती सोडत नाही. "आणि तुझा तो नियम, आधी परका खेळाडू आणि मग कोच. सर्बियाचा ओब्राडोविच? १९९१मध्ये एकतिसाव्या वर्षी खेळणं सोडलं आणि थेट बेलग्रेडच्या पार्टिझान क्लबचा कोच. शेजारी सल्लागार म्हणून म्हातारे कोच निकोलिच, तेवढाच आधार. पहिल्याच वर्षी युरोपचा किताब. मग स्पेनला गेला, १९९४मध्ये बादालोनाला जिंकून दिला, १९९५मध्ये रेआल माद्रिदला. मग ग्रीसमध्ये पाच, तुर्कस्तानात एक. एकूण नऊ. खेळाडू म्हणून परदेशात कुठे होता तो?"

लंबूने कपाळाला हात लावला, आणि तसाच ठेवून एकदम हसायला लागला. "फुएनलाब्राडा!"

"काय?"

"१९९१-९२. युगोस्लाव्हियात युद्ध सुरू होतं. त्यांना घरच्या मॅचेस घरी खेळू देत नव्हते. पार्टिझानने आपल्या 'घरच्या' मॅचेस खेळल्या माद्रिदजवळ फुएनलाब्राडात! परक्या गावात, परके प्रेक्षक आपले करून घेत. खेळाडू म्हणून नसेल, पण पहिल्याच वर्षी परका झाला होता की नाही?"

"हे ओढूनताणून आहे," वकील म्हणाला. तो स्वतः ओढूनताणून बोलण्यात तज्ज्ञ असल्याने आम्ही त्याचा शब्द मानला. पण लंबूची स्मरणशक्ती मानावीच लागली.

मग थोडा वेळ यासिकेव्हिचसचा विषय झाला. चार युरोलीग जिंकल्या खेळाडू म्हणून, तीन वेगवेगळ्या क्लबांकडून, आणि २०२५मध्ये फेनेरबाचेचा कोच म्हणून आणखी एक. लिथुआनियाचा माणूस तुर्की क्लबला अबू धाबीत जिंकून देतो. पण शूटरला तो आवडतो तो २०१७च्या एका पत्रकार परिषदेमुळे. तेव्हा तो घरच्याच, लिथुआनियातल्या झालगिरिस क्लबचा कोच होता. उपांत्य फेरी सुरू असताना त्याचा ब्राझीलचा सेंटर लीमा बाळाच्या जन्मासाठी निघून गेला, तर एका पत्रकाराने हे कसं चालतं म्हणून विचारलं. यासिकेव्हिचसने त्यालाच उलट विचारलं, तुला मुलं आहेत का? "घरापासून लांब राहून खेळलेला माणूस तसं बोलतो," ती म्हणाली. "यात लंबूचं बरोबर आहे. पण हे मी एकदाच म्हणणार."

वकील अजून पुतळ्यावरून उतरला नव्हता. तेव्हा पंचाने शेवटचा मुद्दा टाकला. २०२३ची वर्ल्ड कप फायनल, मनिला. जर्मनी ८३, सर्बिया ७७. जर्मनीचा कोच गॉर्डन हर्बर्ट, कॅनडाकडून १९८४चं ऑलिंपिक खेळलेला, मग फिनलंडमध्ये खेळून तिथेच कोचिंगला लागलेला. आणि हरलेल्या सर्बियाच्या बेंचवर स्वेतिस्लाव पेशिच. "१९९३मध्ये जर्मनीला युरोपचा विजेता कोणी केलं होतं? याच पेशिचने. तीस वर्षांनी त्याच जर्मनीकडून हरला, आणि समोर दुसरा परदेशी."

"या दोघांचे पुतळे आहेत?" वकिलाने विचारलं.

"मला काय माहीत! तुला फक्त पुतळेच दिसतात."

"मार्बरी चुकला, एवढंच माझं म्हणणं. वर राहिला असता तर कोणी नाव ठेवलं नसतं."

"कोणी नावही काढलं नसतं," लंबू म्हणाला. "आज तासभर त्याच्यावर कोण बोललं असतं?"

"तास नाही, पावणेदोन," वकील म्हणाला आणि मांडी सोडून उठायला गेला. दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या. लंबूने हात दिला तर म्हणतो, थांब, मला दोन मिनिटं असाच राहू दे.