अस्तर घालायचं तर असं घाला

तुमच्या गावाच्या वाट्याला शास्त्रोक्त कचरा डेपो आलाय? अभिनंदन! कचऱ्याचं काळं पाणी जमिनीत उतरू नये म्हणून डेपोच्या तळाला अस्तर लागतं, आणि २०१६ च्या घनकचरा नियमांत त्याचं माप ठरवून दिलं होतं. खाली ९० सेंटिमीटर दाबलेली चिकणमाती. तिच्यातून पाणी सेकंदाला सेंटिमीटरच्या एक कोटीव्या भागापेक्षा भरभर झिरपता कामा नये. वर दीड मिलिमीटरचा एचडीपीई प्लॅस्टिकचा कागद, आपल्या शेततळ्यात असतो त्याचा थोरला भाऊ. एक कोटीवा भाग म्हणजे वर्षाकाठी जेमतेम तीन सेंटिमीटर. एवढं कोण मोजत बसतंय, भो?

मातीसाठी लांब जाऊ नका, तापीकाठची काळी आहेच. उन्हाळ्यात तिच्या भेगेत कोकराचा पाय अडकतो, ही गोष्ट मात्र निविदेत लिहू नका. काम मे महिन्यात काढा. रोलर फिरला की अस्तर उघडं टाकून लग्नाची वरण-बट्टी खायला निघा. भुसावळच्या ४५ अंशांत उरलेलं काम ऊनच करतं. परत आल्यावर भेगा दिसल्या तर वरून माती भुरभुरा आणि मगच फोटो काढा.

कुणी शहाणा म्हणेल, माती सुधारून घ्या. जरूर घ्या. कच्छहून बेंटोनाइट या चिकणमातीच्या गोण्या मागवा, धुण्याच्या सोड्यानं त्यात सोडियम चढवून घ्या. ओलं झालं की हे बेंटोनाइट असं फुगतं की पाण्याला वाट उरत नाही. आता सगळ्यात महत्त्वाचा सल्ला: प्रयोगशाळेत चाचणी स्वच्छ पाण्यानंच करून घ्या. कचऱ्याचं काळं पाणी चुकूनही पाठवू नका. त्या पाण्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकून स्वतः मातीच्या थरांत जाऊन बसतं, थर घट्ट धरून ठेवतं, फुगवटा ओसरतो आणि वाटा मोकळ्या होतात. पण तो पुढचा प्रश्न. अहवालावर शिक्का तर स्वच्छ पाण्याचाच असतो ना?

फारच आग्रह झाला तर पॉलिमरवालं बेंटोनाइट सुचवा. त्यात सीएमसी नावाचं पॉलिमर घालतात, आइस्क्रीमला दाटपणा देणारंच ते. खारट पाण्यातही ही माती बरीच टिकते, कारण पॉलिमरचा चिकट गोळा छिद्रं बुजवून बसतो. तो हळूहळू धुऊन गेला तर काय, असं विचारणाऱ्याला चहा पाजा. चहा संपेपर्यंत विषय बदलतो.

त्याहून भारी हवं तर ऑरगॅनोक्ले आहे. अमोनियमचे लांब शेपटीचे क्षार लावून मातीला पाण्याचा तिटकारा आणि तेलाची ओढ लावायची. मग बेंझिनसारखी द्रव्यं ती धरून ठेवते. पाण्यात मात्र ती धड फुगत नाही, म्हणून एकटीनं पाणी अडवणं तिला जमत नाही. तिला दुसऱ्या थराची सोबत लागते. दोन थर म्हणजे दोन बिलं, हे ऐकून तुम्हाला आनंद होईल. साहेबांना मात्र एकाच मातीनं सगळं भागतं असं सांगा. त्यांनाही तेच ऐकायचं असतं.

आणि हो, धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घराची आठवण कुणाला काढू देऊ नका. आमचे आजोबा मृगाआधी दरवर्षी धाब्यावर खारी टाकायचे. त्या खाऱ्या मातीतल्या सोडियमनं चिकणमातीचे कण सुटे होतात आणि ओल येताच फटी लिंपल्या जातात, हे रसायनशास्त्र त्यांनी शाळेत शिकलेलं नव्हतं. गळालं की शिडी लावायची, पाटी घ्यायची, वर चढायचं. पाऊस अडवणारं धाबं ते पावसाच्याच पाण्यानं तपासत.

तुमच्या अस्तरावर पुढच्या मृगात खारी टाकायला कुणी चढणार नाही. तोवर त्याच्यावर कचऱ्याचा डोंगर उभा असेल, आणि बिलही निघालेलं असेल.