काळजी फक्त आठवीपर्यंतच का?

आपल्याकडे मुलांची काळजी घ्यायची सरकारी मुदत आठवीला संपते, हे कुणाच्या लक्षात आलंय का? बघा ना, पोषण आहाराची खिचडी आठवीपर्यंत, फुकट पुस्तकं आठवीपर्यंत, आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचा, हक्क चौदाव्या वर्षापर्यंत. आम्ही शिक्षक प्रत्येक पोराबद्दल लिहितो त्या नोंदवहीतले 'आवड/छंद' आणि 'सुधारणा आवश्यक' हे रकानेसुद्धा आठवीपर्यंतच (ते आम्ही लोक व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफमधून उतरवतो हा भाग वेगळा, निम्म्या वर्गाला 'चित्रे काढण्याची आवड आहे'). नववीत गेलं की पोरगं एकदम मोठं! आवाज फुटायचं, प्रेमात पडायचं, शाळा सोडून कामाला लागायचं वय नेमकं तेच, आणि त्याच वर्षी आपण हात झटकून मोकळे.

मी बीड जिल्ह्यात नववी-दहावीला शिकवतो. दिवाळी झाली की इथे आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्यावर जातात, उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते त्यामुळे जावंच लागतं. लहान पोरांसाठी हंगामी वसतिगृह तरी असतं, नववीची पोरगी मात्र घरी आजीजवळ. मागच्या हंगामात वर्गातली एक मुलगी रोज पहिल्या तासाला उशिरा यायची आणि रोज बाहेर उभी राहायची. हातावर तव्याचे चटके होते, कुणी विचारलं नाही. कळलं ते आमच्या शिपाई मावशींकडून, त्या त्याच वस्तीवरच्या. पोरगी पहाटे उठून भाकऱ्या थापते, भावाला आवरून शाळेत धाडते, शेळ्यांचं बघते, मग चालत येते, आणि वर घरात स्थळाची बोलणी सुरू. तरणी पोरगी एकटी कशी ठेवायची, या भीतीपायीच इथली निम्मी लग्नं उरकतात. मुख्याध्यापकांनी आजीला बोलावलं तर आजी म्हणाली, "मला डोळ्यानं दिसत नाही सर, पोरीनं नाही केलं तर कुणी करावं?" काय उत्तर देणार? पहिल्या तासाची सवलत दिली, बापाला फोन लावून लग्नाचं कायद्यात बसत नाही ते स्पष्ट सांगितलं. सध्या ती दहावीत आहे.

आता सगळीकडे समुपदेशक नेमा म्हणतात. सुप्रीम कोर्टानं जुलै 2025 मध्ये सांगितलंय की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवाच. मस्तच, यावाच. पण ज्या संचमान्यतेत (शाळेला किती पदं ते सरकार ठरवतं त्यात) चित्रकलेच्या सरांची जागा मिळत नाही तिथे हे पद कधी येणार देव जाणे. आणि आला तरी तो त्याच्या खोलीत बसणार, पोरगी आपल्या पायानं तिथवर जाईल का? कित्येक शाळांत तक्रारपेटी ऑफिसच्या दारात, बरोबर सीसीटीव्हीखाली लावलेली असते, टाका चिठ्ठी! मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समितीचा बोर्ड भिंतीवर, त्यावरची नावं बदली होऊन गेलेल्यांची.

पोराला रोज बघतो तो वर्गशिक्षक. आणि त्याचा वेळ कशात जातो तर यूडायसवर शाळेची माहिती भरा, आधार जुळत नाही, पोरांचे अपार ओळख क्रमांक, शिष्यवृत्तीचे फॉर्म, वरून मतदार यादीची बीएलओ ड्युटी. साठ पोरांचा वर्ग, हजेरी घेईपर्यंत दहा मिनिटं गेली. माझं मागणं एवढंच आहे की वर्गशिक्षकाला आठवड्याला एक तासिका द्या जिच्यात पोर्शन नाही, नुसतं बसायचं, बोलायचं, कोण गप्प झालंय ते बघायचं. मूल्यशिक्षणाची तासिका टाइमटेबलात होतीच की, ती गणितानं खाल्ली. आणि मे महिन्यात पैसे घेऊन तीन दिवसांचं 'व्यक्तिमत्त्व विकास शिबिर' भरवतात ना, स्टेज डेअरिंग वगैरे, ते या पोरीच्या काय कामाचं?

संस्थेत बोललो तर म्हणतात, सर तुम्ही निकालाचं बघा. निकालाचंच बघतोय हो! दिवाळीनंतर गायब झालेली पोरं शंभर टक्के निकालाच्या बॅनरवर कुठेच दिसत नाहीत, कारण दहावीचा फॉर्मच त्यांनी भरलेला नसतो.