'पगार' शब्दात मीठ नाही

पहिली तारीख आली की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एक मजकूर फिरू लागतो. रोमन सैनिकांना पगारात मीठ देत, म्हणून 'सॅलरी'. 'सोल्जर' म्हणजे मीठ घेणारा. आणि पार व्हिएतनामपर्यंत पगार म्हणजे मीठच. शेवटी 'खाल्ल्या मिठाला जागा'. ही म्हण आपल्या अंगात मुरलेली असल्यामुळे बाकीचंही खरं वाटतं. ते खरं नाही.

'सॅलरी' लॅटिन 'सलारियुम'वरून आली आणि त्यात 'साल' म्हणजे मीठ आहे, एवढं बरोबर. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी हे नातं सांगतो, पण शिपायांच्या पदरात मीठ मोजून घालत, असं तोही म्हणत नाही. रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळात साध्या पायदळ शिपायाला वर्षाला २२५ देनारियस, म्हणजे चांदीची नाणी, तीन हप्त्यांत मिळत. जेवणाखाण्याचे, कपड्यांचे पैसे त्यातूनच कापून घेत. या पगाराचं नावही वेगळं होतं: 'स्तिपेंदियुम', आपल्याकडच्या 'स्टायपेंड'चं मूळ.

'सोल्जर'चा मिठाशी काडीचाही संबंध नाही. चौथ्या शतकात रोमन सम्राट कॉन्स्टन्टाईनने चालवलेल्या 'सॉलिडस' या सोन्याच्या नाण्यावरून तो शब्द आला.

आता व्हिएतनाम. तिथं मिठाला 'मुओइ' म्हणतात आणि पगाराला 'लुओंग' किंवा 'तिएन लुओंग'. 'तिएन' म्हणजे पैसे. 'लुओंग' हा चिनीतून आलेला शब्द, मूळ अर्थ धान्य, शिधा. अन्नधान्याला आजही 'लुओंग थुक' म्हणतात, फौजेच्या शिध्याला 'क्वान लुओंग'. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी खळ्यावरून बलुतं नेलं, त्यांना हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. कामाचा मोबदला धान्यात मोजायची रीत तिकडेही होती, आणि पैसा आल्यावरही नाव धान्याचंच राहिलं. मिठाच्या खोट्या गोष्टीपेक्षा मला ही खरी गोष्ट कितीतरी मोलाची वाटते, आणि तीच त्या मजकुराने पुसून टाकली.

राहिला आपला 'पगार'. तो पोर्तुगीज 'पगार' म्हणजे 'पैसे चुकते करणे' यावरून आला. त्यामागे लॅटिन 'पाकारे', शांत करणे, आणि त्याच्याही मागे 'पाक्स', शांतता. घेणेकऱ्याचे पैसे दिले की तो शांत होतो, तेच हे. इंग्रजी 'पे' याच मुळाचा. म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यात लॅटिन खरंच आहे, फक्त ते मिठाचं नाही. रावपुऱ्यातला गुजराती दुकानदार 'पगार थई गयो?' विचारतो तेव्हा तोही हाच पोर्तुगीज शब्द वापरत असतो. संस्कृतच शब्द हवा असेल तर 'वेतन' आहे. तो पाणिनीच्या सूत्रात सापडतो, आणि त्यातही मीठ नाही.