होमस्कूलिंग, खाजगी शाळा आणि जिल्हा परिषदेची शाळा: एका शिक्षकांच्या आक्षेपांना उत्तर

आदरणीय सर,

सादर नमस्कार. होमस्कूलिंग (म्हणजे मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवणे), खाजगी शाळा आणि जिल्हा परिषदेची शाळा या शिक्षणाच्या तीन वाटांची तुलना करणाऱ्या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. जिल्हा परिषदेच्या दुशिक्षकी शाळेत शिकवणाऱ्या माणसाने वेळ काढून इतके लिहावे, याचे मला मोल वाटते. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत: घरी एका मुलीला शिकवणाऱ्या आईची वर्गभर मुले सांभाळणाऱ्या शिक्षकाशी तुलना करणे मुळातच अन्यायाचे आहे, मूल शाळेत न घालणे हा शिक्षण हक्क कायद्याचा भंग आहे, आणि शिकलेले पालक असे बाजूला होऊ लागले तर सक्तीच्या शिक्षणासाठी महात्मा फुले आणि शाहू महाराजांनी जे केले त्यावर पाणी फिरेल. शेवटी आपण विचारले आहे की, माझी मुलगी उद्या शाळेत जायचे म्हणाली तर मी तिला कोणत्या शाळेत घालीन.

आधी तुलनेबद्दल. होमस्कूलिंगच्या बाजूने जो पुरावा नेहमी पुढे केला जातो, तो अमेरिकेतला आहे. 1998 साली संशोधक लॉरेन्स रुडनर यांनी घरी शिकणाऱ्या 20,760 मुलांच्या चाचण्यांचे निकाल तपासले आणि ते राष्ट्रीय सरासरीच्या बरेच वर निघाले. परंतु ती मुले एकाच चाचणी-सेवेकडे स्वतःहून आलेल्या कुटुंबांतली होती, त्यांचे पालक सरासरीपेक्षा अधिक शिकलेले आणि अधिक कमावते होते, आणि या आकड्यांवरून होमस्कूलिंग शाळेपेक्षा सरस ठरत नाही, असे रुडनर यांनी स्वतःच बजावून ठेवले होते. त्यांचा इशारा मागे पडला आणि आकडा तेवढा हातोहात फिरत राहिला. त्याच्या आधारावर होमस्कूलिंगची भलामण करणे मला मान्य नाही.

खाजगी शाळांबाबत मात्र याहून भक्कम पुरावा आपल्या शेजारच्या राज्यात आहे. अविभाजित आंध्र प्रदेशाच्या ग्रामीण भागात 2008 पासून चार वर्षे एक प्रयोग चालला. खाजगी शाळेची फी भरून मिळावी म्हणून अर्ज केलेल्या सरकारी शाळांतल्या मुलांमधून सोडतीने काहींची निवड झाली. म्हणजे निवडलेली आणि न निवडलेली मुले घरच्या परिस्थितीने सारखीच होती, फरक फक्त चिठ्ठीचा होता. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी चार वर्षांनंतर पाहिले तेव्हा तेलुगू आणि गणितात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. खाजगी शाळेतली मुले हिंदीत पुढे होती. याच अभ्यासातली दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: त्या खाजगी शाळांचा दर विद्यार्थ्यामागचा खर्च सरकारी शाळांच्या एकतृतीयांशाहूनही कमी होता. होमस्कूलिंगची अशी सोडत कोणी काढू शकणार नाही, त्यामुळे ‘सर्वांत चांगले कोणते’ या प्रश्नाला तिथून निर्विवाद उत्तर मिळण्याची आशा मला नाही.

मग तुलना करायची तरी कशाची? माझ्या मते, मूल अडले हे कोणाच्या, किती लवकर लक्षात येते, याची. माझी मुलगी 42 वजा 17 हे गणित मांडून उत्तर 35 लिहीत असे. सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. वरच्या अंकातून खालचा वजा करायचा असतो हे तिच्या डोक्यात नव्हते, मोठ्यातून लहान वजा करायचा एवढेच होते. मी शेजारी बसले होते म्हणून तिची पेन्सिल कोणत्या अंकावरून कुठे गेली हे मला दिसले, आणि आम्ही आइसक्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून एक गठ्ठा सोडून पाहिला. आपल्या शाळेत 60 मुलांपर्यंत दोनच शिक्षक मंजूर असतात, एका खोलीत दोन इयत्ता बसतात, आणि त्यात निवडणुकीची व सर्वेक्षणांची कामे येऊन पडतात. तिथे हीच चूक संध्याकाळी वही तपासताना दिसणार. गजबजलेल्या खाजगी वर्गात तिच्यावर लाल फुली पडेल आणि कारण कळलेच तर ते ट्यूशनच्या बाईंना कळेल. यात शिक्षकाच्या कौशल्याची तुलना नाही, आणि माझ्या लेखात तसा दावाही नव्हता. तुलना आहे ती एका मुलाच्या वाट्याला येणाऱ्या मोठ्या माणसाच्या वेळेची. त्या वेळेची किंमतही मोठी आहे, कारण घरातल्या एका माणसाला कमाई सोडावी लागते आणि ते माणूस बहुधा आईच असते. फुकटचे शिक्षण म्हणून होमस्कूलिंगची जी जाहिरात होते, ती मला फसवी वाटते.

कायद्याबाबत आपण कलम 10 चा दाखला दिला आहे. मूल नजीकच्या शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य आहे, असे ते कलम म्हणते हे खरेच. पण त्याच्या भंगाला कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही, आणि ‘सक्तीचे शिक्षण’ या शब्दांचा अर्थ कलम 8 मध्ये शासनावरील बंधन असाच दिला आहे. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावीची परीक्षा वयाची 14 वर्षे पूर्ण झाल्यावर देता येते, आणि आपल्या राज्य मंडळाचा बाहेरून परीक्षेला बसण्याचा 17 नंबरचा फॉर्म तर शाळा सुटलेल्या कित्येकांनी भरला आहे. वाट आहे, पण 6 ते 14 या वयात आमची मुले कुठेच नोंदलेली नसतात, आणि ही स्थिती मला आपल्याइतकीच खटकते.

कारण फुल्यांचा मुद्दा इथेच लागू पडतो. 1882 साली इंग्रज सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगासमोर त्यांनी किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली, तेव्हा शेतकऱ्यांनी भरलेल्या सारा-पट्टीतून वरच्या वर्गाची मुले शिकत होती आणि भरणाऱ्यांची पोरे निरक्षर राहत होती. शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापुरात सक्ती आणली आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. दंड पालकाला होता, याचा विचार आम्ही होमस्कूलिंग करणाऱ्यांनी केला पाहिजे. मुलाचे भले घरच्यांनाच कळते हे गृहीतक त्या काळी मुलींच्या मुळावर आले होते आणि आजही घरकामाला जुंपलेल्या मुलीला ‘घरी शिकते’ असे सांगून झाकता येते. म्हणून माझी मागणी अशी आहे की घरी शिकणाऱ्या मुलांची नोंद केंद्रप्रमुखांकडे (आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे) व्हावी आणि त्यांचे वाचन व गणित वर्षातून एकदा नजीकच्या शाळेत तपासले जावे. अभ्यासक्रम कसा शिकवायचा हे आमच्यावर सोडा, पण मूल शिकते आहे की नाही हे बाहेरच्या माणसाने पाहिलेच पाहिजे. आमच्यापैकी अनेकांना ही मागणी आवडत नाही, हे मला ठाऊक आहे.

शिकलेले पालक निघून गेल्याने शाळा दुबळ्या होतात, हे आपले म्हणणे मला पटते, मात्र तो भार मूठभर होमस्कूलिंगवाल्यांवर टाकणे योग्य नाही. खरी गळती इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळांकडे झाली. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत असे कायदा सांगतो. विनाअनुदानित खाजगी शाळेला ती समितीच लागू नाही. जाब विचारण्याचा अधिकार जिथे आहे, तिथले बोलके पालक उठून तो अधिकार नसलेल्या जागी फी भरायला गेले, ही मला या सगळ्यातली सर्वांत दुःखाची गोष्ट वाटते.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर: जिल्हा परिषदेच्या शाळेत. कलम 4 प्रमाणे तिला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळेल. आमच्या गावच्या शाळेत दोन शिक्षक आहेत. चौथीपर्यंतच्या मुलांचे वाचन घ्यायला आठवड्यातून दोन दुपारी मी येईन, असे त्यांना सांगितले आहे, आणि मुख्याध्यापकांनी हा विषय समितीच्या पुढच्या बैठकीत ठेवला आहे.