पॉइंट मोजून डिफेन्समन ओळखता येत नाही, ताई

रविवारी रात्री साडेअकराला ताईचा मेसेज आला: "हे खरं आहे का रे?" खाली कॅनडातल्या मिसिसागामधल्या मराठी पालकांच्या ग्रुपवर फिरणारा लांबलचक फॉरवर्ड. "मुलाला एनएचएल ड्राफ्टपर्यंत न्यायचंय? हे पाच नियम पाळा." एनएचएल म्हणजे इथली आइस हॉकीची सर्वांत मोठी लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे तिथल्या टीम नव्या मुलांना राउंडराउंडने, नंबराने उचलतात ती निवड. लिहिणाऱ्याचं नाव नाही, इमोजी मात्र पोत्याने. एरवी असलं काही मी वाचतही नाही. पण भाचा पंधरा वर्षांचा, अंडर-सिक्स्टीन ट्रिपल-एमध्ये, म्हणजे त्या वयोगटातल्या वरच्या पातळीवर, डिफेन्सला खेळतो, आणि हा फॉरवर्ड त्याने ताईच्याही आधी वाचला होता. शनिवारी तो असा का खेळला, ते मला तेव्हा कळलं.

पहिला नियम असा: "स्काउट फक्त पॉइंट बघतात. टू-वे डिफेन्समन म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. पक मिळाला की पुढे पळायचं, मागचं बाकीचे बघतील." (पॉइंट म्हणजे गोल आणि असिस्ट, म्हणजे गोलला लागलेला पास, मिळून. टू-वे म्हणजे पुढेही खेळणारा आणि मागेही राखणारा. पक म्हणजे हॉकीतली रबरी चकती.)

शनिवारी पठ्ठ्याने नेमकं हेच केलं. समोरच्यांच्या ब्लू लाइनवर, म्हणजे त्यांचा झोन सुरू होतो त्या रेषेवर, जिथून तो एरवी वेळेत मागे सरकतो, तिथे पक अडवायला आत घुसला, चुकला, आणि मागे टू-ऑन-वन, त्यांचे दोन आणि अडवायला आपला एकच. गोल. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. तिसऱ्या पिरियडमध्ये कोचने त्याला बेंचवरून उठवलंच नाही. गाडीत मला म्हणतो, "मामा, एक असिस्ट तरी मिळाला ना!"

आता डेट्रॉइटचा डिफेन्समन मोरित्झ सायडरचं बघ. 2018-19 मध्ये जर्मनीच्या वरच्या लीगमध्ये मॅनहाइमकडून 29 मॅच, 2 गोल, 4 असिस्ट. झाले सहा पॉइंट. फॉरवर्डच्या हिशेबाने या मुलाने गुपचूप अभ्यासाला लागायला हवं होतं. जून 2019 मध्ये डेट्रॉइटने त्याला सहाव्या नंबरवर उचललं. व्हँकुव्हरच्या त्या हॉलमध्ये कॅमेरा त्याच्यावर गेला तेव्हा सर्वांत मोठा धक्का त्यालाच बसलेला दिसतो. व्हिडिओ आहे, बघ. पण त्या सहा पॉइंटांमागे काय होतं? अजून अठरा पूर्ण न झालेला पोरगा त्या वर्षीच्या चॅम्पियन टीममध्ये, दाढीमिशावाल्या गड्यांविरुद्ध डिफेन्सला उभा राहत होता. नंतरही घाई झाली नाही. आधी डेट्रॉइटची खालची टीम ग्रँड रॅपिड्स, मग स्वीडनमध्ये रोग्ले क्लब. 2021-22 ला एनएचएलमध्ये उतरला, 82 मॅचमध्ये 50 पॉइंट केले आणि सर्वोत्तम नवख्याची कॅल्डर ट्रॉफी घेऊन गेला. पॉइंट आले, पण नंतर.

स्कोअरशीट बाजूला ठेव आणि एकच गोष्ट बघ. पक आपल्या गोलमागच्या कोपऱ्यात टाकला जातो आणि आपला मुलगा तो आणायला मागे वळतो. पकपाशी पोचायच्या आधी तो खांद्यावरून मागे बघतो का? नोव्हेंबरमधली एक क्लिप माझ्या फोनमध्ये आहे. तो दोनदा मागे बघतो, उजवीकडे जातोय असं भासवतो, डावीकडे वळतो आणि सेंटरच्या स्टिकवर सरळ पास. अंगावर येणारा पोरगा बोर्डावर आपटून रिकामा. चार सेकंदांत पक आपल्या झोनबाहेर. त्या मॅचच्या शीटवर त्याच्या नावापुढे भोपळा आहे. अंगावर येणाऱ्यापासून तो किती गॅप ठेवतो, त्याला बोर्डाकडे रेटतो की मधून वाट देतो, यालाही शीटवर रकाना नाही.

पॉइंट बघूच नयेत, असं मी म्हणत नाही. एनएचएलचा नावाजलेला डिफेन्समन केल मकार, त्याने ज्युनियरमध्येही पॉइंटांचा पाऊस पाडला होता. पण ते कुठल्या लीगमधले, पॉवर प्लेवर (समोरचा एक जण शिक्षेने बाहेर असताना) किती, आणि मुलाचं वय काय, हे विचारायला नको? ड्राफ्टची वयाची रेघ 15 सप्टेंबरला आहे. त्याच ड्राफ्टमधली दोन मुलं वयाने जवळजवळ वर्षभर पुढेमागे असू शकतात.

दुसरा नियम: "डिफेन्स कसा आहे ते प्लस-मायनस सांगतं." प्लस-मायनस म्हणजे खेळाडू बर्फावर असताना आपले झालेले गोल वजा त्यांचे झालेले गोल. अरे, मग पहिल्या नियमाचं काय करायचं? 2023 मध्ये एरिक कार्लसनने 101 पॉइंटांवर सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी जिंकली, तेव्हा त्याचं प्लस-मायनस उणे 26 होतं. शिवाय समोरच्यांनी पॉवर प्लेवर केलेला गोल त्यात धरतच नाहीत. म्हणजे टू-वे डिफेन्समनचं सगळ्यात कष्टाचं काम, पेनल्टी किल (आपला माणूस शिक्षेने बाहेर असताना गोल रोखणं), तिथे जवळपास दिसतच नाही. आणि गोलकीपर बाहेर काढलेला असताना रिकाम्या नेटमध्ये गेलेला गोल मात्र मोजतात.

चौथा: "पहिल्या राउंडमध्ये नाही गेला तर संपलं." निकलस लिडस्ट्रॉम, 1989, तिसरा राउंड, 53वा. सात नॉरिस. डंकन कीथ, 2002, 54वा. दोन नॉरिस, तीन स्टॅनली कप (एनएचएलचं विजेतेपद). जेकब स्लेविन तर चौथ्या राउंडचा. पुढे.

पाचवा, "ओएचएल खेळला की अमेरिकन कॉलेजचं दार बंद", हे मात्र अनेक वर्षं खरं होतं. (ओएचएल म्हणजे ऑन्टारियोची ज्युनियर लीग.) लिहिणारा तिथेच राहिला. अमेरिकन कॉलेज खेळांचं मंडळ एनसीएए, त्याने नोव्हेंबर 2024 मध्ये हा नियम बदलला आणि 1 ऑगस्ट 2025 पासून तो लागू आहे.

तिसरा मुद्दाम शेवटी ठेवला, कारण त्याचाच मला खरा राग आलाय. "सहा फूट दोन इंचांखाली असाल तर विसरा. निदान सतराव्या वर्षापर्यंत वजन 200 पौंड करा." सायडर स्वतः सहा फूट चार आहे, हे तू म्हणायच्या आधी मीच सांगतो. दोन मुलं सारखीच असली तर टीम उंच मुलाला घेते, हेही खरं. पण अ‍ॅडम फॉक्स सहा फुटांना एक इंच कमी, तिसऱ्या राउंडचा, 2021 चा नॉरिस. क्विन ह्यूज पाच-दहा, 2024 चा नॉरिस. जेरेड स्पर्जन पाच-नऊ, सहाव्या राउंडचा, पुढे मिनेसोटाचा कॅप्टन. या तिघांचं पोट स्केटिंगवर चालतं. आणि आपला पाच-दहाचा, अजून वाढत असलेला मुलगा 155 पौंडांवर आहे. त्याच्यावर दोन वर्षांत 45 पौंड म्हणजे वीस किलो चढवायचे? ज्या वळण्यावर त्याचा सगळा खेळ उभा आहे, तेच जड करून ठेवायचं? त्याची वाढ बघायला त्याचे डॉक्टर आहेत.

दाजींनी कॉस्टकोतून आणलेला तो प्रोटीनचा डबा अजून फोडला नसेल, तर पावती शोधून ठेव. गुरुवारी सकाळी सहाच्या प्रॅक्टिसला मी येतोय, येताना परत करून टाकू.