थर बसतो, पण टिकतो का?

चुंबकांवरच्या एका लेखात म्हटलंय की निओडिमियम चुंबकावर (निओडिमियम, लोह आणि बोरॉनच्या मिश्रधातूचा चुंबक) अ‍ॅल्युमिनियमसारखाच ऑक्साइडचा थर बसतो आणि तोच त्याला गंजण्यापासून वाचवतो. इथे थोडी गडबड आहे. अ‍ॅल्युमिनियमचा थर घट्ट, सलग असतो. निओडिमियमचा ऑक्साइड दमट हवेत हायड्रॉक्साइड होऊन भुसभुशीत होतो, मग तो कसला वाचवतोय! अल्कधर्मी द्रावणात लोहामुळे बऱ्यापैकी थर धरतो, हे खरं. आम्लात मात्र आनंदच.

खरी मेख चुंबकातल्या बारीक स्फटिक-कणांच्या सीमांवर आहे. मुख्य कण निओडिमियम २, लोह १४, बोरॉन १ या प्रमाणातले; त्यांच्यामधल्या पातळ पट्ट्यांत निओडिमियम ठासून भरलेलं. आधी गंजतात त्या या पट्ट्या, कारण इवलासा अ‍ॅनोड (गंजणारी बाजू) आणि भोवती भलामोठा कॅथोड (न गंजणारी बाजू). त्यात पाण्यातून सुटलेला हायड्रोजन याच पट्ट्यांत शिरतो, त्या फुगतात आणि आख्खे कण सुटे होऊन गळतात. टवका उडालेल्या चुंबकाची करडी भुकटी होते ती अशी.

म्हणूनच निकेल-तांबं-निकेल असा मुलामा देतात. मिश्रधातूत थोडं कोबाल्ट घातलं तरी सीमा सावरतात. सहसा न गंजणाऱ्या समेरियम-कोबाल्ट चुंबकांचा लेखात उल्लेखच नाही, ते मात्र खटकलं.