झारा

सरकारी लेखापरीक्षक म्हणून चौतीस वर्षे इतरांच्या वह्या तपासल्यावर, आपल्याच टेबलावर बसून आपल्याच विजेवर चालणारे यंत्र आपली वही तपासत असल्याचा शोध लागणे फारसे सुखाचे नसते. मला तो शोध लागला, कारण मी अटी वाचतो. पडद्यावर येणाऱ्या अटी आणि शर्ती पहिल्या कलमापासून शेवटच्या कलमापर्यंत वाचणारा मनुष्य नागपूरच्या महाल भागात मी एकटाच असावा. पुण्याला असलेल्या माझ्या भाच्याच्या मते संपूर्ण भारतात.

संगणकाच्या त्या अटींत असे लिहिले होते की मी कोणता प्रोग्राम केव्हा उघडला, किती वेळ वापरला आणि तो कोठे अडकला, याची माहिती ‘निदानासाठी’ पाठविली जाईल. माहिती दोन प्रकारची होती, ऐच्छिक आणि आवश्यक. ऐच्छिक माहिती बंद करता येत होती. आवश्यक माहिती नेमकी कोणाला आवश्यक होती, याचा खुलासा मात्र कोठेही नव्हता. आक्षेप नोंदवावयास गेलो तर पडद्यावर दोनच बटणे: ‘होय’ आणि ‘नंतर विचारा’. आमच्या खात्यात मान्य, अमान्य आणि ‘खुलासा मागवावा’ असे तीन शेरे असत, आणि त्यांतल्या ‘अमान्य’वर सगळे खाते उभे होते. ज्या यंत्रात ‘नाही’ म्हणण्याची सोयच नाही, त्याच्याशी माझे जमणे कठीण होते.

तशी कुरबूर जुनीच होती. निवृत्तिवेतनाचा तक्ता शोधावा तर तक्त्याच्या आधी एखाद्या नटीच्या लग्नाची बातमी, रंगीत गोळ्या फोडण्याचा एक खेळ आणि नागपूरचे तापमान हजर होत असे. (मे महिन्यात नागपूरकराला तापमान यंत्राने सांगावे लागत नाही.) तो खेळ मी तीन वेळा काढून टाकला आणि तिन्ही वेळा, पोत्यात घालून अंबाझरीपलीकडे सोडून आलेल्या मांजरासारखा, तो पुढच्या अपडेटबरोबर घरी परतला. पुढे दिवाळीच्या तोंडावर सूचना आली की संगणक चालविणाऱ्या या प्रणालीची मुदत संपत असून नव्या आवृत्तीसाठी आपला संगणक पात्र नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी मलाही साधारण याच भाषेत पत्र आले होते. त्या दिवसापासून संगणकाची बाजू घेणे मला कर्तव्य वाटू लागले.

“मामा, लिनक्स टाका,” भाचा फोनवर म्हणाला. “फुकट आहे, हलकं आहे आणि तुमच्यावर नजर ठेवत नाही.”

फुकट या शब्दाला लेखापरीक्षक दचकतो, म्हणून मी आधी चौकशी केली. लिनक्स ही संगणक चालविणारी दुसरी प्रणाली. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 मध्ये हे काम जाहीर केले तेव्हा, हा आपला नुसता छंद आहे, फार मोठे काही होणार नाही, असे त्याने सांगून टाकले होते. 2017 पासून जगातील सर्वांत वेगवान 500 महासंगणकांच्या यादीतील एकूण एक यंत्र लिनक्सवर चालते. अंदाज या दिशेने चुकल्याचे एकही प्रकरण माझ्या नोकरीत आले नव्हते. पुढे असे कळले की गाभा एकच असला तरी सावजीच्या मसाल्याप्रमाणे प्रत्येक घरचे वाटण वेगळे: 1993 मधील डेबियन, त्याच्यावर बेतलेले 2004 मधील उबुंटू आणि उबुंटूवर बेतलेले 2006 मधील लिनक्स मिंट. मिंटला किमान 2 जीबी मेमरी लागते आणि माझ्याकडे 4 होती. आयुष्यात प्रथमच मी एखाद्या पात्रतेच्या अटीत दुपटीने बसलो.

“मग मामा, झारा घ्या,” भाचा म्हणाला. फोन स्पीकरवर होता.

“झारा नाही भेटायचा!” स्वयंपाकघरातून आवाज आला. “बुंदी पाडून राहिली ना मी! काहून पाहिजे तुम्हाले झारा?”

मिंटच्या प्रत्येक आवृत्तीला ‘आ’कारान्त स्त्रीनाम देण्याची प्रथा असून 2025 च्या सप्टेंबरात आलेल्या 22.2 या आवृत्तीचे नाव झारा आहे, हा खुलासा मी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून केला. त्यामुळे प्रकरण निवळले असे म्हणता येणार नाही.

सुमारे 3 जीबीची ती फाइल उतरविल्यावर तिचा ताळा पाहावा लागतो. फाइल जशीच्या तशी आली असल्यास तिच्यातून ठरावीक 64 चिन्हे निघतात आणि ती मूळ ठिकाणी दिलेल्या चिन्हांशी जुळली पाहिजेत. हे अतिदक्षतेचे लक्षण नाही. 2016 च्या फेब्रुवारीत मिंटच्याच संकेतस्थळात चोरांनी शिरून लोकांच्या हाती चोरवाटा ठेवलेली फाइल दिली होती. मी मूळ चिन्हे कागदावर छापून घेतली, लाल पेन्सिलीला टोक काढले आणि हिला वाचावयास बसविले. कारण वाचणारा एक आणि खूण करणारा दुसरा, हा आमच्या खात्याचा नियम. “ई, सात, चार, एफ, शून्य,” असे ही एका डोळ्याने कढईकडे पाहत वाचत होती आणि मी पडद्यावर डोळा ठेवून कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर टिंबे देत होतो. एकेचाळिसाव्या चिन्हाला “बुंदी जळून राहिली जी!” असे म्हणून ती उठली. परत आल्यावर आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, कारण अर्धा ताळा हा ताळा नव्हे. तो जुळला. भाच्याला सांगितले तर तो म्हणाला, “अहो मामा, एक आदेश दिला की यंत्र स्वतःच ताडून पाहतं.” ज्याची तपासणी करावयाची त्याच्याकडेच तपासणी सोपविण्याची ही पद्धत मला मान्य नाही.

फाइल पेनड्राइव्हवर चढविली, ते सरळ झाले. खरी परीक्षा पुढे होती. संगणक सुरू होताच एफ-12 ही कळ दाबली तर तो पेनड्राइव्हवरून उठतो. परंतु ती किंचित आधी दाबली तर त्याला ऐकू येत नाही आणि किंचित उशिरा दाबली तर जुनी प्रणाली दार उघडून स्वागताला उभी असते. पोळ्यात तोरण तुटण्याच्या क्षणाकडे बैलजोडीवाले जसे श्वास रोखून पाहतात, तसा मी त्या काळ्या पडद्याकडे पाहत होतो. पहिल्या चार खेपांना तोरण आधीच तुटले. पाचव्या खेपेस मी चालू करण्याच्या बटणावर एक बोट आणि कळीवर दुसरे बोट ठेवून ती सारखी आपटीत राहिलो, आणि एकदाची यादी दिसली.

मिंटचा एक गुण येथेच नोंदवितो. तो आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येतो आणि तुम्ही सांगेपर्यंत डिस्कला हात लावत नाही. मग त्याने एकेक प्रश्न विचारले. कोठे राहता, या प्रश्नासाठी जगाचा नकाशा आला. ज्या शहरात झिरो माइलचा दगड आहे आणि भारताचा मध्य आपल्या बुडाखाली आहे असे ज्याला शाळेपासून शिकविलेले आहे, त्याने त्या नकाशातील भारताच्या मधोमध टिचकी मारली. खाली उमटले: कोलकाता. पुन्हा मारली, पुन्हा कोलकाता. वेळेच्या हिशेबात सारा भारत कोलकाताच्या नावे जमा असतो, असे भाच्याने समजाविले. मी ते ‘खुलासा मागवावा’ या शेऱ्यासह मान्य केले. त्यानंतर ‘संपूर्ण डिस्क पुसून टाका’ या ओळीशी आलो. आमच्याकडे तान्ह्या पोळ्याला इडापीडा मारबतीच्या अंगावर घालून गावाबाहेर नेतात. तिची वाट पाहण्यास अकरा महिने होते, म्हणून मनातल्या मनात “घेऊन जा गे मारबत” म्हटले आणि बटण दाबले.

वीस मिनिटांत सगळे बसले. वायफाय मात्र दिसेना. त्यासाठी लागणारा ड्रायव्हर, म्हणजे वायफायचा भाग चालविणारा छोटा प्रोग्राम, इंटरनेटवरून घ्यावयाचा आणि इंटरनेट त्या ड्रायव्हरशिवाय यावयाचे नाही. उत्पन्नाचा दाखला मिळविण्यासाठी उत्पन्नाचा दाखला जोडा, या धर्तीचे असे अर्ज मी पाहिलेले असल्यामुळे फार हादरलो नाही. फोन वायरने जोडून त्याचे इंटरनेट संगणकास दिले आणि ड्रायव्हर आला. हाच फोन दिवसभर मला पेनड्राइव्हच्या जाहिराती दाखवीत होता, हेही कबूल केले पाहिजे. घराचे दार बदलले म्हणून बाजारातले लोक ओळख विसरत नाहीत. संकेतस्थळे आपापल्या जागी पाळत ठेवतातच, आणि ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘नाही’वर खूण करणे वेगळे करावे लागते. मी चौदा ठिकाणी केली. दिवाळीतला तो माझा सर्वांत आनंदाचा तास होता.

मराठीसाठी इनस्क्रिप्ट ही कळफलकाची मांडणी निवडली. ‘वऱ्हाडी’ हा शब्द उमटतो की नाही ही माझी कसोटी, कारण अनेक ठिकाणी तो ‘वर्हाडी’ होऊन बसतो आणि तिकडच्या व्याह्यांना राग येतो. बी, मग शिफ्टसह जे, डी, यू. पडद्यावर अर्धा ऱ चंद्रकोरीसारखा ह च्या कपाळाला लागला. जुन्या फॉन्टमधील माझे काही मसुदे मात्र इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन उघडले. फॉन्टची फाइल आणून टाकल्यावर तेही ताळ्यावर आले.

शेवटी एक स्वागताची खिडकी उघडली. तिच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकोन होता: सुरू होताना ही खिडकी दाखवावी. मी त्यातली खूण काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन बसलो आणि ती येण्याची वाट पाहिली. आली नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीही आली नाही. पाडव्याला ओवाळून झाल्यावर पुन्हा संगणक लावला. पडदा निळासावळा, स्वच्छ, कोणाचे काही विचारणे नाही, बातमी नाही, तापमान नाही. भाऊबीजेला भाचा आला तेव्हा त्याने मला मेनूतून ती स्वागताची खिडकी उघडताना पाहिले.

“मामा, तुम्हीच बंद केली ना?”

“केली,” मी म्हणालो. “ठीक आहे ना, एवढेच बघत होतो.”